दापोलीचे लग्नाचे फोटोवाले : अल्बम बेताचा, व्हिडिओ जपून ठेवावा असा

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाचं लग्न झालं. फोटो आणि व्हिडिओचं काम दापोलीतल्याच एका तरुण मुलाकडे दिलं होतं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे घरातल्या माणसांबद्दल बरंच लिहायचं आहे आणि दुकान शोधलं की आमचीच मंडळी समोर येतील. पुढच्या मोसमात ज्यांच्याकडे कार्य आहे त्यांनी मला विचारावं, नंबर देईन.

आधी व्यवहाराचं सांगते. हळद आणि लग्न असे दोन दिवस, तीन माणसं, अल्बम, छोटा ट्रेलर आणि पूर्ण व्हिडिओ पेनड्राइव्हवर, याचे 65,000 रुपये ठरले. ड्रोनचे 7,000 वेगळे. आगाऊ 20,000, लग्नाच्या दिवशी 30,000 आणि राहिलेले व्हिडिओ हातात आल्यावर. शेवटचा हप्ता काम पाहून द्या, हे त्याने स्वतःहून सांगितलं. आमच्याकडे पुण्याचे फोटोवाले आणायचाही विचार झाला होता, पण त्यांचं राहणं-जेवण-गाडी धरून दीड लाखाच्या वर जात होतं.

माणसं वेळेची पक्की. देवक बसवायच्या आधी मांडवात हजर होती. भटजींना मधेच थांबवून "जरा इकडे बघा" असला प्रकार एकदाही केला नाही. मुलीकडची मंडळी चिपळूणची, त्यांची आणि यांची ओळखपाळख नसताना तिकडच्या आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांचे फोटो आले. जेवणाच्या पंक्तीत ताटावर वाकून फोटो काढले नाहीत, हेही लिहिलंच पाहिजे.

ड्रोन घेऊ नका. मंगलाष्टकं चालू असताना त्याची घरघर इतकी होती की मागच्या रांगेतल्यांना "सावधान" सुद्धा ऐकू आलं नाही. वरून आमचं कौलारू घर आणि माडाचे शेंडे छान दिसतात, पण ते लग्नाच्या आदल्या दिवशी टिपता आलं असतं.

अल्बमबद्दल माझी स्पष्ट नाराजी आहे. 12×36 चा, चाळीस पानी, दिसायला भारी. पण कव्हर नुसतं गोंदाने चिकटवलेलं. ऑगस्टच्या दमट हवेत एका कोपऱ्याने सुटलं आणि मधली दोन पानं एकमेकांना चिकटली. कोकणात राहून कोकणातल्या पावसाचा विचार केला नाही, हे पटत नाही. शिवाय सगळ्यांना गोरं करून ठेवलंय. माझा भाऊ हर्णैच्या बंदरात आयुष्यभर उन्हात उभा राहिलेला माणूस, तो अल्बममध्ये ओळखू येत नाही. तक्रार केल्यावर पानं फुकट बदलून दिली, कव्हर मात्र तसंच आहे. व्हिडिओसुद्धा "पावसाच्या आधी देतो" म्हणून गणपती झाल्यावर आला.

आता व्हिडिओचं. मी हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

माझे यजमान जानेवारी 2023 मध्ये गेले. मुलाच्या लग्नात वडिलांच्या जागी माझे मोठे दीर उभे राहिले. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. वय सत्तर. सीमांतपूजनाला व्याहीभेट असते, दोन्ही बाजूंचे बाप एकमेकांना नारळ देतात, मिठी मारतात. फोटोवाल्यासाठी हे दोन मिनिटांचं काम : दोघांनी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मिठी थोडी धरून ठेवायची, झालं. मुलीच्या वडिलांनी तात्यांना मिठी मारली आणि तात्या त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले. आवाज काढून रडले. माझा मुलगा बाजूलाच उभा होता, त्यालाही आवरेना.

मांडवात काय झालं ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं. पुरुषांनी माना वळवल्या. कुणी मोबाइल काढला, कुणी सनईवाल्याला उगीच काहीतरी सांगायला गेला. एका पाहुण्याने पुढे होऊन "अहो, चला चला, मुहूर्त जवळ आला" म्हणून तात्यांचा दंड धरला. मुहूर्ताला अजून बराच वेळ होता. मुलाचा एक मित्र त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "लग्नाआधीच रडायला लागलास?" तो मुलगा वाईट नाही. मित्र रडत असताना काय म्हणायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

आणि त्याच मांडवात माझ्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, ते मी कधी रडते याकडे. मी विधवा बाई, मुलाचं लग्न, नवरा नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नसतं तर त्याचीही चर्चा झाली असती. दोन बायकांनी तर आधीच रुमाल पुढे केला होता. मला त्या वेळी खरं म्हणजे रडू येत नव्हतं. भटजींची दक्षिणा कुठल्या पिशवीत ठेवली ते आठवत नव्हतं, त्याची काळजी चालली होती. म्हणजे जिला रडायचं नव्हतं तिच्यापुढे रुमाल आणि ज्यांना रडल्यावाचून राहवत नव्हतं त्यांच्याकडे पाठ.

मी आजवर पाहिलेल्या लग्नांच्या व्हिडिओत हेच असतं. पाठवणीला नवरीची आई, मावश्या, बहिणी यांचे रडतानाचे चेहरे जवळून, एकापाठोपाठ एक. कॅमेरावाले "काकी, डोळे पुसा परत एकदा" असं सांगतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नवरीच्या बापाचा एखादा हुंदका चालतो, तेवढी त्याला सूट आहे. बाकीचे पुरुष पेट्या उचलताना दिसतात. या फोटोवाल्या मुलाने बायकांना काही करायला सांगितलं नाही आणि पुरुषांवरून कॅमेरा काढला नाही. मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "काकी, आम्हाला शिकवलंच तसं होतं, बायकांना रडवायचं. मी ते सोडून दिलं. जे चाललंय ते घेतो."

आता दोष सांगते, कारण तोही याच भागात आहे. पहिल्यांदा जो व्हिडिओ दाखवायला आणला त्यात व्याहीभेटीवर एक हिंदी गाणं घातलेलं होतं, व्हायोलिनसकट, आणि तात्यांचं रडणं संथ गतीत केलेलं. मला ते बघवेना. माणूस रडतो तेव्हा त्याचा चेहरा वेडावाकडा होतो, नाक वाहतं, श्वास अडकतो. ते संथ करून त्यावर गाणं लावलं की तमाशा होतो. मी सांगितलं, गाणं काढ, वेग आहे तसा ठेव, मूळ आवाज असेल तर लाव. आवाज होता. व्याह्यांचं बोलणं नीट यावं म्हणून त्याने तात्यांच्या कोटाच्या वरच्या खिशाला छोटा माइक लावला होता. त्यात सगळं आलंय. नारळ कोटाच्या बटणाला घासल्याचा आवाज, लांबवर सनई, तात्यांचा घोगरा हुंदका, आणि मुलीच्या वडिलांचं हळू बोलणं : "रडा, रडा. मी धरलंय." मांडवातल्या एकालाही ते ऐकू गेलं नव्हतं. मला ते पेनड्राइव्हवर, सप्टेंबरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकायला मिळालं.

दुसरा दोष मोठा. व्हिडिओ आमच्या हातात यायच्या आधी त्याच भागाची रील त्याने आपल्या दुकानाच्या इन्स्टाग्रामवर टाकली होती. आम्हाला न विचारता. डोंबिवलीच्या पुतण्याला ती दिसली. मी त्याच दिवशी फोन केला. त्याने तासाभरात काढली, माफी मागितली, आणि आता बुकिंगच्या कागदावर परवानगीची ओळ छापली आहे, ती मी पाहिली. तरी लिहिते : ज्यांनी काम द्यायचं त्यांनी ही गोष्ट आधी बोलून घ्यावी. माणसाने चार आपल्या लोकांत रडणं वेगळं आणि त्याचं रडणं दुकानाच्या जाहिरातीला वापरणं वेगळं. तात्या रडले होते ते व्याह्यांच्या खांद्यावर.

रील निघाली, पण घरच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. पुतण्याने लिहिलं, पूर्ण व्हिडिओतूनही तात्यांचा तो भाग काढा, बरं दिसत नाही. त्याच्यामागून चौघांनी अंगठे दाखवले. एका नणंदेने लिहिलं, लोक वर्षानुवर्षं बघणार, त्यात थोरला माणूस असा दिसू नये. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे तात्यांची अब्रू सांभाळत होते. रडण्याने अब्रू जाते हे इतकं ठरून गेलंय की त्यावर कुणी दोन वाक्यं बोलायचीही गरज वाटली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात आयुष्य घालवलं. पहिलीत आलेली मुलं आणि मुली सारखीच रडतात. आई गेटातून वळली की दोघांचाही सूर एकच. चौथीपर्यंत मुलगे शिकलेले असतात. घरी कुणी मारून शिकवत नाही, "बापयासारखा बापय नि रडतोस काय" एवढं पुरतं. बापय म्हणजे पुरुष. माझ्या वर्गात एका मुलाचे आजोबा गेले होते. ज्यांच्या कुशीत तो झोपायचा ते आजोबा. तो तेराव्यानंतर शाळेत आला, कुणाशी बोलेना. पाटीवर नुसत्या आडव्या रेघा मारत होता, पेन्सिल इतकी दाबून की ती मोडायची, मग उरलेला तुकडा घेऊन परत. त्याचे वडील न्यायला आले तेव्हा कौतुकाने म्हणाले, "बाई, आमचा एकदाही रडला नाही." मुलगा ते ऐकत होता.

आमच्या दापोली तालुक्यातलंच पालगड हे साने गुरुजींचं गाव. शाळाशाळांतून त्यांची तसबीर असते, 24 डिसेंबरला हार घालतो. त्यांच्या लिहिण्यातल्या अश्रूंवर मोठमोठ्या लोकांनी टीका केली, आजही रडके म्हणून बोलतात. याच माणसाने 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि मंदिर उघडायला लावलं. इंग्रजांच्या तुरुंगात किती वेळा गेले. मुलांना मी हे दोन्ही एकत्र सांगत असे.

कोकणातले पुरुष रडत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. शिमग्याला पालखी दारात आली की कर्ते पुरुष पालखीच्या दांड्याला कपाळ लावून रडतात. अनंतचतुर्दशीला पाण्यात उतरलेल्या पुरुषांचे डोळे बघा. तिथे सगळ्यांना चालतं, कारण ते देवापुढे आहे आणि सगळे मिळून आहे. घोटभर पोटात गेल्यावर रडलं तरी चालतं, सकाळी कुणी आठवण काढत नाही. आपल्या स्वतःच्या दुःखासाठी, शुद्धीवर, माणसांसमोर रडायला जागा नाही. तात्या त्या दिवशी तिथे रडले.

तात्या परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी सांगितलंच नाही. कोकणातली घरंच्या घरं त्या पगारावर चालायची. तात्या सत्ताविसाव्या वर्षी ट्रंक घेऊन गावी परतले. माझ्या सासूबाई सांगायच्या, पोरगा आला, ट्रंक पडवीत ठेवली, पाणी प्यायला आणि कुदळ घेऊन वाडीत गेला. त्यावर तो कधी बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही.

माझे यजमान वीजमंडळात वायरमन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, मंडणगड आणि दापोली झोडपून काढली. खांब काड्यांसारखे मोडले होते. कितीतरी गावं काही आठवडे अंधारात. हे रोज पहाटे जात, रात्री येत. आमच्या स्वतःच्या वाडीतली पोफळ जवळजवळ सगळी आडवी झाली होती. पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात आणि यांचं वय तेव्हा सत्तावन. एका रात्री हातपाय धुवायला विहिरीवर गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी कंदील घेऊन गेले. काठावर बसून रडत होते, खांदे हलत होते. माझ्या बांगड्या वाजल्या तसं कळशीतलं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाले, "डोळ्यात कचरा गेला." इतकं मोठं नुकसान झालेल्या माणसाला स्वतःच्या विहिरीवर, स्वतःच्या बायकोसमोर, काळोखात खोटं सांगावं लागलं.

केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे, त्यांतले 1,22,724 पुरुष. दर दहांत सातांहून जास्त. न रडणं हेच त्याचं कारण, असं मी म्हणत नाही. कर्ज आहे, आजार आहे, घरातली भांडणं आहेत, दारू आहे. पण या प्रत्येकाबद्दल कुणापाशी तरी बोलता आलं पाहिजे, आणि पुरुषांना आपण बोलायची सवयच लागू दिलेली नाही. मन मोकळं करायला, मनाच्या त्रासात मदत मागायला टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. शाळेच्या सूचनाफलकावर मी तो लावला होता, पालकांच्या उंचीवर.

तर घरच्या ग्रुपवर ठरत आलं होतं की तात्यांचा भाग कापायचा. मी फोटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काकी, पाच मिनिटांचं काम आहे, देतो काढून. पण आधी तात्यांना दाखवा. त्यांचं आहे ते." इतकं साधं. आम्हा नऊ-दहा जणांपैकी हे एकालाही सुचलं नव्हतं.

तात्यांना बोलावलं. लॅपटॉप ओटीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला आणि बघितलं. एकदा संपल्यावर म्हणाले, परत लाव. दुसऱ्यांदा व्याह्यांचं "मी धरलंय" आलं तिथे त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली. मग म्हणाले, "माझ्या जागी बाळा असायला हवा होता. मी नारळ घेतला तेव्हा तेच डोक्यात होतं." बाळा म्हणजे माझे यजमान. मग ते बोलत राहिले, चहा निवून गेला. यजमानांनी वीजमंडळातला पहिला पगार आपल्या हातात आणून दिला होता आणि आपण तो परत केला नाही, कारण घरात तेव्हा दुसरा पैसा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. तीस वर्षं संसार करून यजमानांनी ते मला सांगितलं नव्हतं. बोलताना तात्यांचे डोळे भरले, त्यांनी ते पंच्याने पुसले आणि पुढे बोलले. उठून गेले नाहीत.

व्हिडिओतलं काय करायचं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. खोटं थोडंच आहे." मी तेच शब्द ग्रुपवर टाकले. पुतण्याने काही लिहिलं नाही. दिवाळीला आला तेव्हा मात्र पेनड्राइव्हची नक्कल मागून घेऊन गेला.

माझ्या सुनेचंही एक सांगायला हवं. तिने तो भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मुलगा शेजारी अवघडून बसला होता. ती म्हणाली, "तू मला हे सांगितलं का नाहीस?" आणि त्याने सांगितलं, वडिलांचं, सगळं. मी स्वयंपाकघरात निघून गेले, त्यामुळे पुढचं मला ठाऊक नाही.

काम देणाऱ्यांसाठी थोडं. मे महिन्यातली तारीख असेल तर दिवाळीच्या आधी बोला, नंतर हा मुलगा मिळत नाही. ड्रोन नको म्हणून सांगा, ते 7,000 वाचवा आणि अल्बमचं कव्हर शिवलेलं मागा, चिकटवलेलं नको. चेहरे गोरे करू नयेत हे लिहून द्या. पहिला कच्चा व्हिडिओ बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. रीलची परवानगी द्यायची की नाही ते घरातल्या ज्या माणसाचा चेहरा त्यात आहे त्याला विचारून ठरवा. आणि माइक दोन लावायला सांगा, एक नवरदेवाला आणि एक व्याहीभेटीला जो उभा राहणार असेल त्याला.